‘आठ मिन्युशिया जुळले’ म्हणजे नेमकं काय जुळलं?

वकिलीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर. घरफोडीच्या खटल्यातला ठसेतज्ज्ञाचा अहवाल मराठीत उतरवताना तिला ‘मिन्युशिया’ हा शब्द अडला. कपाटाच्या काचेवरचा ठसा आणि आरोपीच्या उजव्या अंगठ्याचा ठसा यांत आठ मिन्युशिया जुळले, असं अहवाल म्हणतो. शब्दकोशात अर्थ सापडला तो ‘क्षुल्लक तपशील’. मग क्षुल्लक तपशिलावर कुणाला शिक्षा कशी होते, आठच का, आणि मराठीत या शब्दाला काय म्हणायचं, हे तिचे प्रश्न. जाता जाता तिने आजोबांचाही विषय काढला आहे. रेशन दुकानात त्यांचा अंगठा लागत नाही, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का? आहे, आणि थेट आहे.

माझी नोकरी बोटांचे ठसे जुळवण्यात गेली. त्यामुळे आधी बोटाबद्दल बोलतो, शब्दाकडे नंतर येऊ.

बोटाच्या पेराची कातडी उजेडात तिरकी धरून पाहा. तिच्यावर उंचवट्याच्या रेषा आहेत आणि दोन रेषांच्या मध्ये खाचा. मोठ्या माणसाच्या बोटावर एका रेषेपासून शेजारच्या रेषेपर्यंतचं अंतर साधारण अर्धा मिलिमीटर असतं. या रेषा बहुतेक ठिकाणी एकमेकींना धरून, समांतर चालतात. पण मध्येच एखादी रेषा थांबते. कुठे एकीच्या दोन होतात. कुठे दोन रेषांच्या मध्ये छोटासा तुकडा उगवतो आणि तिथेच संपतो. कुठे नुसता ठिपका असतो, तर कुठे रेषा फुटून थोड्या अंतरावर पुन्हा एक होते आणि मध्ये डोळ्यासारखी मोकळी जागा राहते. रेषेची चाल जिथे अशी मोडते, त्या प्रत्येक जागेला आमच्या कामात मिन्युशिया म्हणतात. अहवालातले आठ मिन्युशिया म्हणजे अशा आठ जागा. दोन्ही ठशांत त्या एकाच प्रकारच्या आहेत, त्यांची दिशा एक आहे आणि त्या एकमेकींपासून तितक्याच रेषा दूर आहेत. यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं तेच अहवालात बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं.

आता शब्द. लॅटिनमध्ये ‘मिनुतुस’ म्हणजे बारीक केलेलं, लहान. त्यावरून ‘मिनुतिया’ म्हणजे बारीकपणा, आणि बहुवचनात बारीकसारीक गोष्टी. घड्याळातला मिनिट याच घरातला. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘पार्स मिनुता प्रिमा’ म्हणजे पहिला बारीक भाग, त्याचा मिनिट झाला. त्याचे पुन्हा साठ भाग केले तो ‘सेकुंदा’ म्हणजे दुसरा, त्याचा सेकंद. अतिशय लहान या अर्थाचं विशेषण ‘मायन्यूट’ हे लिहायला मिनिटासारखंच, उच्चाराने वेगळं. हॉटेलातला मेनूसुद्धा फ्रेंचमधून फिरून आलेला याच कुळातला, बारीक तपशिलाची यादी या अर्थाने.

इंग्रजीत हा शब्द जवळजवळ नेहमी अनेकवचनात येतो. एकवचन ‘मिन्युशिया’, अनेकवचन ‘मिन्युशिई’. लिहिताना अनेकवचनाच्या शेवटी जास्तीचा ‘ई’ लागतो. सुरुवातीचा उच्चार कुणी ‘मि’ करतं, कुणी ‘माय’, दोन्ही चालतात. आपल्याकडे पोलीस खात्यात आणि बायोमेट्रिक्सच्या धंद्यात सगळे सरसकट ‘मिन्युशिया’ म्हणतात, एक असो की पन्नास. मीही इथे तेच करतो आहे. इंग्रजीत लिहिताना मात्र अनेकवचनाला अनेकवचनी क्रियापद द्या, आणि शेवटी आणखी एक ‘एस’ लावू नका. वकिलांच्या लेखी म्हणण्यात ही चूक मी वारंवार पाहिली आहे.

रोजच्या इंग्रजीत या शब्दाला थोडा तुच्छतेचा वास आहे. ‘बॉग्ड डाउन इन द मिन्युशिई’ म्हणजे नको त्या बारीकसारीक गोष्टींत रुतून बसलेला. पण हा वास नेहमीच असतो असं नाही. एखाद्या वकिलाला करकायद्याचे मिन्युशिई तोंडपाठ आहेत असं म्हटलं, तर ती शाबासकी असते. शिवाय हा शब्द तपशिलासाठी आहे, आकाराने लहान असलेल्या वस्तूंसाठी नाही. वाळूचा कण, मुंगी, मोहरी यांना कुणी मिन्युशिई म्हणत नाही. तिथे टायनी, मायन्यूट, मिनस्क्यूल हे शब्द येतात. करारातल्या कलमांचे, सरकारी नियमांचे, एखाद्याच्या दिनचर्येचे मिन्युशिई असतात. शब्दकोशाने तुम्हाला दिलेला अर्थ चुकीचा नाही, तो या रोजच्या वापराचा आहे.

बोटांच्या ठशांत हा शब्द रुजवला इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी, 1892 च्या त्यांच्या ग्रंथात. आजही जुने लोक या जागांना ‘गाल्टन डिटेल्स’ म्हणतात. गाल्टनच्या आधी ठशांकडे लक्ष गेलं नव्हतं असं नाही. बंगालमधले अधिकारी विल्यम हर्शेल यांनी 1858 साली जंगीपूरला राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराकडून रस्त्याच्या सामानाच्या करारावर हाताचा अख्खा छाप घेतला होता. जपानमध्ये काम करणारे स्कॉटिश डॉक्टर हेन्री फॉल्ड्स यांनी 1880 साली ‘नेचर’ नियतकालिकात पत्र लिहून ठशांवरून गुन्हेगार ओळखता येईल असं सुचवलं होतं. पण एकूण ठसा सारखा दिसणं आणि तो त्याच माणसाचा असणं यातलं अंतर भरून काढायला काहीतरी मोजता येईल असं हवं होतं. हर्शेलकडे त्याच त्या माणसांचे अनेक वर्षांच्या अंतराने घेतलेले ठसे होते. गाल्टननी ते शेजारी ठेवले आणि रेषा कुठे थांबते, कुठे फुटते, ते एकेक करून तपासलं. माणूस म्हातारा झाला, कातडी सुरकुतली, तरी त्या जागा तिथेच होत्या. दोन वेगळ्या बोटांचे ठसे सगळ्या बाबतींत सारखे निघण्याची शक्यता त्यांनी 64 अब्जांत एक अशी काढली. त्या आकड्यावर पुढे पुष्कळ वाद झाले आणि ते योग्यच होते, पण मोजायचं काय हे त्या माणसाने ठरवून दिलं.

तेव्हा ‘क्षुल्लक’ या अर्थाने अडून बसू नका. ज्यांच्याकडे एरवी कुणी ढुंकून पाहत नाही, अशा अर्धा मिलिमीटरभर जागा, म्हणून गाल्टननी हा शब्द निवडला. त्या छोट्या आहेत एवढंच तो सांगतो, बिनमहत्त्वाच्या आहेत असं नाही. मराठीत उतरवताना मी ‘रेषावैशिष्ट्ये’ लिहीन आणि पहिल्या वेळी शेजारी मिन्युशिया हा शब्द देऊन टाकीन, कारण उलटतपासणीत तज्ज्ञ तोच शब्द वापरणार आहे. ‘सूक्ष्म तपशील’ लिहू नका. ते वाचून न्यायाधीशांना नेमकं काय जुळलं याचा काहीच बोध होत नाही. रोजच्या अर्थाने हा शब्द आला, तर ‘बारकावे’ किंवा ‘खाचाखोचा’ हे आपले शब्द उत्तम आहेत, आणि जिथे तुच्छतेचा वास हवा तिथे ‘बारीकसारीक’ आहेच.

आपल्याकडे लहानपणी प्रत्येकाने बोटांवरचे शंख आणि चक्रं मोजलेली असतात. रेषा पूर्ण गोल फिरून आल्या तर चक्र, एका बाजूने येऊन वळून त्याच बाजूला गेल्या तर शंख. ही ठशाची पहिली पातळी. जगभरात साधारण साठ ते पासष्ट टक्के बोटांवर शंखाची वळणं असतात, तीस-पस्तीस टक्क्यांवर चक्रं, आणि पाच टक्क्यांच्या आसपास कमानी. म्हणजे वळण जुळलं तर काहीच सिद्ध होत नाही. वळण जुळलं नाही, तर मात्र काम तिथेच संपतं. मिन्युशिया ही दुसरी पातळी. तिसरी पातळी घामाच्या छिद्रांची आणि रेषेच्या काठाच्या आकाराची. ठसा फार स्वच्छ असेल तरच ती दिसते. खटला उभा राहतो किंवा पडतो तो बहुधा दुसऱ्या पातळीवर.

या जागा येतात कुठून? आईच्या पोटात तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, कातडीच्या वरच्या थराच्या तळाशी रेषा तयार होतात. वळण कसं असेल यात आनुवंशिकतेचा मोठा हात असतो. पण अमुक रेषा कुठे थांबेल आणि तमुक कुठे फुटेल, हे त्या वेळचा दाब, बोटाच्या टोकाची वाढ, गर्भाची स्थिती अशा असंख्य गोष्टींवर ठरतं. म्हणून एकसारख्या जुळ्यांचा डीएनए एक असला, तरी त्यांचे मिन्युशिया वेगळे असतात. दोघांच्या बोटांवर शंख-चक्रांचा क्रम पुष्कळदा मिळताजुळता असतो, आणि भिंग लावलं की पहिल्या चार-पाच रेषांतच फरक समोर येतो. आणि रेषांचा आराखडा खोल थरात असल्यामुळे वरवरचं खरचटणं भरून आलं की रेषा जशाच्या तशा परत येतात. खोल जखम झाली तर व्रण राहतो, आणि मग तो व्रणही ओळखीची खूण होतो.

आता तुमच्या अहवालातला काचेवरचा ठसा घेऊ. पोलिसी भाषेत हा चान्स प्रिंट, म्हणजे गुन्ह्याच्या जागी नकळत उमटलेला. पावडर मारून उठवलेला, एका बाजूला घसरलेला, खालचा अर्धा भाग पुसट. पूर्ण, रोल करून म्हणजे बोट कडेपासून कडेपर्यंत फिरवून घेतलेल्या ठशात शंभराच्या आसपास मिन्युशिया मिळू शकतात. चान्स प्रिंटमध्ये दहा-पंधरा मिळाले तरी नशीब. आधी फक्त हाच ठसा पाहायचा, आरोपीचा नाही. हा नियम फार मोलाचा आहे, कारण आरोपीचा ठसा आधी पाहिला, की डोळा पुसट जागी नसलेली रेषाही पाहायला लागतो. समजा, वळणाचं केंद्र दिसतं आहे. केंद्रापासून वर मोजत गेलं की चौथी रेषा डावीकडून येते आणि थांबते. ही पहिली जागा. त्या टोकावरून उजवीकडे जाताना दोन रेषा ओलांडल्या की तिसरीला फाटा फुटतो, त्याचं तोंड खाली. ही दुसरी. फाट्याची बाहेरची शाखा धरून खाली उतरलं की तिच्या आणि पुढच्या रेषेच्या मध्ये एक आखूड तुकडा येतो, दोन्ही टोकं मोकळी. ही तिसरी. असं करत जेवढ्या जागा खात्रीने दिसतात तेवढ्या कागदावर मांडायच्या. जिथे पावडर जास्त बसली आहे तिथे रेषा थांबली की खाच भरली गेली, हे सांगता येत नाही. ती जागा सोडून द्यायची.

त्यानंतर आरोपीचा ठसा शेजारी येतो. केंद्रापासून चौथी रेषा डावीकडून येऊन थांबते का? थांबते. उजवीकडे दोन सोडून तिसरीला फाटा आहे का? आहे, तोंड खाली. आखूड तुकडा? आहे. गावात पत्ता सांगताना आपण ‘देवळापासून डावीकडे तिसरी गल्ली, दोन घरं सोडून’ असं सांगतो, तसा इथे प्रत्येक जागेचा पत्ता दुसऱ्या जागेवरून ठरतो. नुसते आठ फाटे दोन्हीकडे आहेत म्हणून भागत नाही. फाटे आणि टोकं तर प्रत्येक बोटावर ढिगाने असतात. त्यांची आपसातली मांडणी जुळली पाहिजे, आणि मधल्या रेषांची मोजणीही.

याच्या उलटं तितकंच खरं. बारा जागा जुळल्या, पण एका ठिकाणी चान्स प्रिंटमध्ये रेषा स्वच्छ, अखंड पुढे जाते आणि आरोपीच्या बोटावर त्याच ठिकाणी ती थांबते, आणि या फरकाचं दाब, घसरण, व्रण असं कुठलंही कारण देता येत नाही, तर तो ठसा त्या माणसाचा नाही. बारा विरुद्ध एक असा हिशोब इथे चालत नाही.

आता आठच का? भारतात कुठल्याही कायद्यात हा आकडा लिहिलेला नाही. तज्ज्ञांमध्ये चालत आलेला तो प्रघात आहे. इंग्लंडमध्ये 1924 पासून सोळाचा दंडक होता. तो 2001 साली त्यांनी स्वतःहून सोडून दिला. फ्रान्सच्या एडमाँ लोकार यांनी 1914 च्या सुमारास बाराच्या वर स्वच्छ जागा असतील तर शंका उरत नाही, असं मांडलं होतं. अमेरिकेत ठरलेला किमान आकडा नाही. तिथल्या इंटरनॅशनल असोसिएशन फॉर आयडेंटिफिकेशन या तज्ज्ञांच्या संघटनेने 1973 साली सरळ ठराव केला, की किमान इतके मिन्युशिया जुळलेच पाहिजेत, असा आकडा ठरवायला शास्त्रीय आधार नाही. माझंही मत तेच आहे आणि ते मी ठामपणे मांडतो. स्वच्छ ठशातले सात दुर्मीळ प्रकारचे मिन्युशिया, त्यात एखादा डोळा आणि एखादा आखूड तुकडा, हे मला पुसट ठशातल्या बारा नुसत्या टोकांपेक्षा जास्त भरवशाचे वाटतात. टोकं आणि फाटे सगळ्यात जास्त आढळतात, म्हणून त्यांचं वजन कमी. आकडा हा निष्कर्ष लिहिण्याची सोय आहे. त्याला पुरावा समजलं की घात होतो.

तो घात कसा होतो याचं उदाहरण जगाने पाहिलं आहे. 11 मार्च 2004 रोजी माद्रिदच्या लोकल गाड्यांत बॉम्बस्फोट झाले. डिटोनेटर ठेवलेल्या एका प्लास्टिकच्या पिशवीवर ठसा मिळाला. अमेरिकेच्या एफबीआयच्या संगणकाने शोध घेऊन संभाव्य नावांची यादी दिली, त्यात ओरेगॉन राज्यातला एक वकील होता. अनुभवी तज्ज्ञांनी तो ठसा त्याचाच ठरवला, वरिष्ठांनी दुजोरा दिला, माणूस सुमारे दोन आठवडे कोठडीत राहिला. स्पेनचे पोलीस सुरुवातीपासून सांगत होते की जुळत नाही. शेवटी त्यांनी तो ठसा एका अल्जेरियन माणसाचा असल्याचं दाखवलं आणि एफबीआयला माफी मागावी लागली. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या चौकशीत पुढे आलं ते आमच्या व्यवसायातल्या प्रत्येकाने वाचावं असं आहे. दोन्ही ठशांत साम्य खरोखरच विलक्षण होतं, कारण कोट्यवधी ठशांच्या साठ्यातून संगणकाने सगळ्यात जवळचा शोधून काढला होता. त्यानंतर तज्ज्ञांनी वकिलाच्या ठशात जे दिसलं ते उलट पिशवीवरच्या ठशात शोधायला सुरुवात केली, आणि जे जुळत नव्हतं त्याला कारणं जोडली. आधी चान्स प्रिंट एकटाच पाहायचा, हा नियम मी वर का सांगितला ते आता लक्षात येईल.

आपल्याकडे हा प्रश्न आणखी जवळचा होत चालला आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची नाफिस ही यंत्रणा 2022 पासून देशभरातल्या अटक झालेल्यांचे ठसे एकत्र शोधते, आणि महाराष्ट्र पोलिसांची अँबिस यंत्रणा त्याच्याही आधीपासून आहे. साठा जितका मोठा, तितकी दिसायला जवळची पण चुकीची बोटं सापडण्याची शक्यता जास्त. म्हणून संगणक फक्त यादी देतो, निर्णय माणसाचा, आणि दुसऱ्या तज्ज्ञाने स्वतंत्र पडताळणी करायची असते. ही पडताळणी पहिल्याचा निष्कर्ष न बघता झाली की बघून झाली, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

तुम्ही वकील होणार आहात म्हणून आणखी एक जुनी गोष्ट. ठशांचं जगातलं पहिलं कार्यालय 1897 साली कलकत्त्याला सुरू झालं. श्रेय बंगालचे पोलीस प्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या नावावर गेलं, पण ठशांची वर्गवारी करून 1024 खणांत लावण्याची पद्धत बसवली ती काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या त्यांच्या हाताखालच्या दोन भारतीयांनी. इंग्रज सरकारने याची दखल घ्यायला बरीच वर्षं लावली. त्याच सुमारास जलपाइगुडीच्या एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा गळा चिरून खून झाला. पेटीतल्या बंगाली पंचांगावर रक्ताळलेल्या अंगठ्याचा ठसा मिळाला, तो त्याच्या जुन्या नोकराशी जुळला. न्यायालयाने त्या नोकराला चोरीबद्दल शिक्षा केली आणि खुनाच्या आरोपातून सोडलं. ठशाने सिद्ध झालं ते एवढंच, की या माणसाने त्या पेटीला हात घातला. सव्वाशे वर्षं होऊन गेली तरी ही रेघ तशीच आहे. तुमच्या खटल्यातही काचेवरचा ठसा आरोपीचा आहे एवढं मान्य झालं, तरी तो कधी उमटला हे मिन्युशिया सांगत नाहीत. कपाट दुरुस्तीला आलेल्या सुताराचा ठसाही तिथे असू शकतो.

कायद्याची बाजू तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, म्हणून थोडक्यात. तज्ज्ञाचं मत आधी पुराव्याच्या कायद्याच्या कलम 45 खाली यायचं, 1 जुलै 2024 पासून ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 39 खाली येतं. ते मत असतं, निर्णय नसतो. महमूद विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या 1976 साली प्रसिद्ध झालेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठसेतज्ज्ञाच्या मतावर विसंबायला नकार दिला, त्यातलं एक कारण हे, की त्याने आपल्या मताची कारणंच दिली नव्हती. ‘आठ मिन्युशिया जुळले’ हे कारण नव्हे. दोन्ही ठशांचे मोठे केलेले फोटो शेजारी, प्रत्येक जागेवर क्रमांक, प्रकार लिहिलेला, असा तक्ता अहवालासोबत जोडलेला असला पाहिजे. तो नसेल तर मागा. असेल तर पेन्सिल घेऊन क्रमांक एक ते दोन, दोन ते तीन, मधल्या रेषा स्वतः मोजा. यासाठी तज्ज्ञ असावं लागत नाही. चांगली नजर आणि अर्धा तास पुरतो.

आता आजोबा. आधारमध्येही हेच मिन्युशिया आहेत. पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीला दिला गेला. आज रेशन दुकानातलं यंत्र अंगठा घेतं आणि त्यातले मिन्युशिया शोधतं. यंत्राच्या नोंदीत प्रत्येक मिन्युशियाची आडवी जागा, उभी जागा, दिशेचा कोन, प्रकार म्हणजे टोक की फाटा, आणि दर्जा एवढंच असतं. सहा बाइटांत एक मिन्युशिया मावतो. यंत्र इंचाला 500 ठिपके या हिशोबाने चित्र घेतं. म्हणजे आजोबांच्या बोटावरची एक रेष आणि तिच्या शेजारची खाच मिळून यंत्राला जेमतेम दहा ठिपके मिळतात. त्यात रेष झिजलेली, बोट कोरडं, काचेवर आधीच्या गिऱ्हाइकांचा तेलकट थर. अशा वेळी यंत्राला खरी टोकं दिसत नाहीत आणि कोरड्या भेगांमुळे तुटलेली रेष मात्र टोक म्हणून दिसते. एका अंगठ्यावर वीस खोटे मिन्युशिया तयार झाले, की तो अंगठा आजोबांचा राहत नाही.

शेतात राबलेले, सिमेंट-चुन्यात काम केलेले, ऊसतोडणीचे मजूर, आयुष्यभर धुणीभांडी करणाऱ्या बाया, सोलापूरच्या विडी कामगार स्त्रिया, या सगळ्यांचे हात असेच होतात. रेषा खोलात आहेत, पण वरचा थर घासून इतका सपाट झालेला असतो की काचेला टेकतच नाहीत. काही महिने काम सुटलं तर पुष्कळदा रेषा वर येतात. वयाबरोबर कातडीची लवचिकता जाते, ती मात्र परत येत नाही. ज्यांनी सगळ्यात जास्त कष्ट केले त्यांचीच ओळख यंत्राला पटत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं, आणि त्यांना दुकानाच्या दारातून परत पाठवणं मला अन्याय वाटतो.

करता येण्यासारखं पुष्कळ आहे. बोट धुऊन नीट कोरडं करायचं, मग हाताला थोडं खोबरेल किंवा व्हॅसलिन चोळून पाच मिनिटांनी पुसून टाकायचं. यंत्राची काच ओल्या फडक्याने पुसायला सांगायची. बोटाचं टोक लावायचं नाही, पेराचा मधला भाग काचेच्या मध्यावर सपाट ठेवायचा, फार दाबायचा नाही, कारण दाबलं की रेषा एकमेकींना चिकटतात. अंगठाच लावला पाहिजे असं काही नाही. दहाही बोटं नोंदलेली असतात, तेव्हा अनामिका आणि मधलं बोट लावून पाहा. ती कमी झिजलेली असतात. आधार केंद्रावर जाऊन बायोमेट्रिक्स नव्याने नोंदवून घ्या, म्हणजे जुन्या चांगल्या बोटाशी आजचं झिजलेलं बोट जुळवायची वेळ यंत्रावर येणार नाही. तरीही जमलं नाही तर बुबुळ, चेहरा किंवा मोबाइलवरचा ओटीपी हे मार्ग आहेत. बोट जुळलं नाही एवढ्या कारणावरून धान्य नाकारायचं नाही, इतर मार्गाने ओळख पटवून ते द्यायचं आणि तशी नोंद ठेवायची, असं आधार प्राधिकरणाने ऑक्टोबर 2017 च्या परिपत्रकातच सांगितलेलं आहे. त्याची एक प्रत काढून आजोबांच्या पिशवीत ठेवा. दुकानदाराने तरी नाही म्हटलं, तर नकार लेखी मागा आणि तहसील कार्यालयातल्या पुरवठा शाखेत तक्रार द्या. हे काम तुम्ही आत्ताच करू शकता, सनद मिळेपर्यंत थांबायची गरज नाही.